सळई कोण फिरवतो?

ओटीजी विकत घेतला की खोक्यातून ट्रे, जाळी आणि चिमटा यांच्याबरोबर एक लांब सळई निघते. तिच्यावर सरकणारे दोन काटे, ते घट्ट करायचे स्क्रू आणि तापलेली सळई बाहेर काढायचा एक दांडा असतो. माहितीपुस्तिकेत तिला ‘रोटिसरी रॉड’ म्हटलेले असते. त्या भट्टीत पुढे केक होतात, नानकटाई होते, पाव कुरकुरीत केला जातो. सळई मात्र बहुतेक घरांत थर्माकोलच्या खाचेतच पडून राहते. (चकली-करंजीच्या दिवसांत कोंबडी भाजण्यावर लेख कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की या लेखाचा खरा विषय कोंबडी नसून ती सळई फिरवणारा आहे.)

स्वयंपाकघराच्या इतिहासावरील पुस्तकांत या सळईची गोष्ट साधारण एकाच पद्धतीने सांगितली जाते. आधी ती माणूस फिरवत असे, मग कुत्रा फिरवू लागला, मग घड्याळासारखी चक्रे आली, मग धुराड्यातला पंखा आणि शेवटी वीज. शिडीच्या एकेका पायरीने माणसाचे कष्ट कमी होत गेले, असा त्याचा अर्थ. गोष्ट ऐकायला गोड आहे. पण सनावळी नीट मांडून पाहिली की शिडी मोडते. माणूस, कुत्रा आणि यंत्र हे तिघे एकामागून एक आलेले नाहीत. तीन-साडेतीनशे वर्षे ते एकाच काळात, कधी एकाच शहरात, सळई फिरवत होते. कोणत्या घरात कोण फिरवणार, हे यंत्राचा शोध लागला की नाही यावर ठरत नव्हते. कोणाचे कष्ट स्वस्त पडतात, यावर ते ठरत होते.

त्याआधी मुळात फिरवायचे कशासाठी, ते पाहू. उघड्या विस्तवाची धग एकाच बाजूने लागते. जी बाजू विस्तवाकडे ती करपते, मागची कच्ची राहते. तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करून बोटांनी सारखी सरकवत राहणारी बाई हेच जाणून असते. मांसाचा जाड गोळा असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण उष्णता आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो आणि तोवर वरचा थर जळून जातो. सळई सतत फिरत राहिली की तापलेला भाग पुढच्याच क्षणी विस्तवाआड जातो, त्याची धग आत मुरते, आणि तो पुन्हा समोर येतो तेव्हा थोडा निवलेला असतो. वितळलेली चरबी एका जागी ठिबकून न जाता कातडीवरून गोल फिरत राहते. मांस आपल्याच स्निग्धतेत न्हात भाजले जाते. जुन्या युरोपीय पद्धतीत सळई विस्तवाच्या वर नसे, समोर असे, ही गोष्ट आज अनेकांच्या लक्षात येत नाही. खाली पसरट भांडे ठेवून ठिबकणारी चरबी त्यात धरत, त्यामुळे ती निखाऱ्यावर पडून धूर होत नसे.

असे भाजलेले मांस थांबत नाही. प्लुटार्कने अँटनीच्या चरित्रात अलेक्झांड्रियातल्या स्वयंपाकघराची एक हकिगत दिली आहे. ती त्याने आपल्या आजोबांकडून ऐकली होती आणि आजोबांनी फिलोटास नावाच्या वैद्याकडून. तरुण फिलोटासला ओळखीच्या आचाऱ्याने आत नेऊन दाखवले, तेव्हा तिथे आठ रानडुकरे विस्तवावर होती. पाहुणे केवढे असतील या कल्पनेने तो थक्क झाला. आचारी हसला. पाहुणे बाराच्या आसपास होते. पण अँटनी आत्ता जेवायला बसेल, की आणखी मद्य मागवून गप्पा मारत राहील, हे सांगता येत नव्हते. आणि भाजलेल्या मांसाची नेमकी वेळ क्षणात टळते. म्हणून एकच जेवण आठ निरनिराळ्या वेळांसाठी भाजायला लावले होते. त्या आठ रानडुकरांच्या धगीत उभे राहून सळया कोण फिरवत होते, ते प्लुटार्क सांगत नाही. त्याला ते सांगण्याजोगे वाटले नसावे.

आपल्याकडे सळईवर भाजणे नवे नाही. पाणिनीच्या व्याकरणात ‘शूल्य’ आणि ‘उख्य’ हे शब्द सिद्ध करणारे सूत्र आहे. शूळावर भाजलेले ते शूल्य आणि उखेत, म्हणजे भांड्यात, शिजवलेले ते उख्य. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात राजाबरोबर मृगयेला आलेला विदूषक माधव्य कुरकुरतो, त्यात अवेळी मिळणाऱ्या आणि बहुतांशी शूळावरच्या मांसाच्या जेवणाची तक्रार आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला. जुन्या मराठी गीताच्या नमुन्यामुळे हा ग्रंथ मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात सळईत ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे प्रकार येतात. मात्र या परंपरेत भर आहे तो मांसाचे तुकडे करण्यावर. तुकडे लहान, त्यांना मसाला लावलेला, भाजायला लागणारा वेळ थोडा. असे काम बसल्या बसल्या हाताने सळई उलटून भागते.

आख्खा पक्षी भाजायचा तर आपल्याकडे वेगळी युक्ती केली गेली: मांस विस्तवापुढे फिरवण्याऐवजी विस्तवच मांसाभोवती रचायचा. तंदूर हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. त्यात सळई उभी असते आणि स्थिर असते. तापलेली माती चहूबाजूंनी धग देते. घरचे उदाहरण हवे असेल तर रायगड जिल्ह्यातली पोपटी घ्या. थंडीत वालाच्या शेंगा भरात आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून त्यावर शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी रचतात, तोंड पाल्याने बंद करतात, मडके उपडे घालतात आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. कोणी काही फिरवत नाही. आग मडक्याला वेढा घालते.

युरोपातल्या श्रीमंत घरांनी मात्र फिरवण्याचा मार्ग धरला, आणि फिरवायला हात लागतातच. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या राजवाड्यांतल्या शिस्तीसाठी 1526 साली जे नियम केले, त्यांत स्वयंपाकघरातल्या पोऱ्यांबद्दल एक कलम आहे. या पोरांनी उघडे किंवा घाणेरड्या चिंध्यांत वावरू नये, रात्री स्वयंपाकघराच्या जमिनीवर चुलीपाशी झोपू नये, आणि त्यांना कपडे देण्यासाठी मुख्य आचाऱ्यांकडे पैसे द्यावेत, असा त्याचा आशय. नियम झाला याचा अर्थ तोवर काय चालू होते ते उघड आहे. तासन् तास प्रचंड आगीसमोर बसून सळईचा दांडा फिरवणाऱ्याला कपडे सोसणारच नाहीत. चेहरा आणि एक खांदा भाजत असणार, पाठ गारठत असणार. त्याचेही मांसासारखेच होते, फक्त त्याला कोणी फिरवत नव्हते.

साध्या घरांत एवढी आग पेटवणे परवडत नसे. म्हणून शहरात भाजलेले मांस विकत आणत. तयार रोटिसरी चिकन ही सुपरमार्केटच्या काळातली सवय आहे, असे आपण समजतो, पण पॅरिसमध्ये तेराव्या शतकात हा धंदा जोरात होता. एत्येन ब्वालो या नगराधिकाऱ्याने 1268च्या सुमारास शहरातल्या धंद्यांचे नियम एकत्र लिहून काढले, त्यांत भाजलेली हंसबदके विकणाऱ्यांचाही समावेश आहे. त्यांची एक गल्लीच होती. ‘हंसबदकांची गल्ली’ या अर्थाचे तिचे जुने नाव उच्चारात झिजत गेले आणि आज ती ‘रू ओ उर्स’, म्हणजे ‘अस्वलांची गल्ली’ आहे. तिथे अस्वल कधी नव्हते. 

आता यंत्राकडे येऊ. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांतल्या 1480च्या आसपासच्या एका चित्रात धुराड्यातला आडवा पंखा आहे. खालच्या आगीची गरम हवा वर जाताना तो पंखा फिरवते आणि दातेरी चाकांतून ती गती सळईपर्यंत पोचते. आग मोठी तर सळई जलद, आग मंद तर सळई सावकाश, हा त्यातला गुण लिओनार्दोने स्वतः टिपून ठेवला आहे. 1551 साली ऑटोमन साम्राज्यातला विद्वान तकी अल्-दीन वाफेच्या झोताने फिरणाऱ्या सळईचे वर्णन करतो. 1580-81च्या प्रवासात फ्रेंच लेखक मोंतेन्य याने दैनंदिनीत घड्याळासारख्या यंत्रांनी आणि धुराड्यातल्या पंख्यांनी फिरणाऱ्या सळया पाहिल्याचे नोंदवले आहे. म्हणजे सोळाव्या शतकाअखेरीस ही यंत्रे केवळ कागदावर नव्हती, सरायांमध्ये चालू होती.

माझ्या मते या इतिहासातले सर्वांत बोलके साल 1570 आहे. त्या वर्षी व्हेनिसमध्ये बार्तोलोमेओ स्काप्पी या पोपच्या आचाऱ्याचा मोठा पाकग्रंथ छापला गेला. त्यातल्या चित्रांत एकाच वेळी तीन सळया फिरवणारे चक्रांचे यंत्र आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन कायस या वैद्याचे इंग्लंडमधल्या कुत्र्यांवरचे लॅटिन पुस्तक निघाले. त्यात स्वयंपाकघरात चाकामध्ये शिरून, अंगाच्या भाराने ते फिरवत सळई चालू ठेवणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख आहे. हे काम तो इतक्या नेटाने करतो की कोणत्याही पोऱ्याला त्याहून बरे जमणार नाही, अशी कायसने त्याची भलावण केली आहे. एकाच वर्षी एका देशात यंत्र छापले जाते आणि दुसऱ्या देशात कुत्रा. पुढे हा कुत्रा इंग्लंड आणि वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला.

हा प्राणी लांब अंगाचा, आखूड आणि वाकड्या पायांचा होता. त्याचे लाकडी चाक भिंतीवर उंचावर टांगलेले असे, म्हणजे आगीच्या झळेने तो गळून पडू नये. चाकाच्या कडेवरून पट्टा किंवा साखळी खाली सळईच्या टोकावरच्या कप्पीपर्यंत येई. काम लांबले तर आळीपाळीने चालवायला दोन कुत्रे ठेवत. विल्टशरमधल्या लेकॉक गावच्या जॉर्ज इनमध्ये असे चाक अजून आहे. वेल्समधल्या ॲबरगव्हेनीच्या संग्रहालयात ‘व्हिस्की’ नावाची एक कुत्री पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवली आहे. तिची जात आता पृथ्वीवर उरलेली नाही. बाथ शहराबद्दल एक विनोदी किस्सा सांगतात. रविवारी लोक पाय उबदार ठेवण्यासाठी हे कुत्रे चर्चमध्ये नेत. प्रवचनात बायबलमधल्या एझेकिएलच्या चाकाचा उल्लेख आला आणि ‘चाक’ हा शब्द कानी पडताच सगळे कुत्रे शेपूट घालून दाराकडे पळाले. किस्सा रचलेलाच असणार. पण तो रचणाऱ्याला कुत्र्याच्या जिण्याची पुरती कल्पना होती.

यंत्र ठाऊक असताना कुत्रा कशासाठी? हिशेब साधा होता. चक्रांच्या यंत्राला लोहार लागे, वंगण लागे, वजन पुन्हा वर ओढून किल्ली देणारा माणूस लागे. धुराड्यातल्या पंख्याला रुंद धुराडे आणि मोठी आग लागे. कुत्रा उरल्यासुरल्यावर जगे. पोऱ्याही त्यावरच जगे. आपल्याकडचा पंखेवाला आठवा. विजेचे पंखे बाजारात आल्यानंतरही मुफसल कचेऱ्यांत आणि बंगल्यांच्या ओसऱ्यांवर दोरी ओढणारी माणसे कित्येक वर्षे बसलेली होती, कारण पंख्यापेक्षा माणूस स्वस्त होता. यंत्राचा शोध लागला म्हणून हात मोकळे होत नाहीत. हातांची किंमत वाढली, किंवा ते मिळेनासे झाले, की मग यंत्राची आठवण होते.

ज्या घरात पोऱ्या नाही, कुत्रा नाही आणि यंत्रही नाही, तिथे दोरा होता. श्रीमंतांच्या यंत्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि या दोऱ्यावर फार थोडे, म्हणून इथे मुद्दाम थांबतो. धुराड्याच्या कडेला खिळा, खिळ्याला लोकरीचा पिळदार दोरा, दोऱ्याच्या टोकाला मांसाचा तुकडा किंवा कोंबडी. दोऱ्याला भरपूर पीळ देऊन सोडले की तो उलगडत जातो, वेगाने पलीकडे जाऊन उलटा पीळ घेतो, पुन्हा उलगडतो. असे बराच वेळ चालते. गती मंदावली की जाता-येता घरातल्या कुणी एक गिरकी द्यायची. लोकर अशासाठी की तिला पीळ चांगला बसतो आणि ती सुतासारखी झटकन पेट घेत नाही. इंग्लंडमधल्या झोपड्यांत आणि फ्रान्सच्या खेड्यांत हीच घरगुती रोटिसरी होती. एकोणिसाव्या शतकात याच दोऱ्याला पितळी अंगरखा मिळाला. बाटलीच्या आकाराच्या डब्यात किल्लीचे यंत्र बसवून त्याखाली मांस टांगायचे आणि मागे चकचकीत पत्र्याचा आडोसा उभा करायचा, म्हणजे धग परत मांसावर पडते. मध्यमवर्गीय घरातून कुत्र्याला आणि पोऱ्याला खरी सुट्टी दिली ती या डब्याने.

आणि तेवढ्यात आगच बंद पेटीत गेली. बेंजामिन थॉम्प्सन हा अमेरिकेत जन्मलेला, बव्हेरियात काउंट रम्फर्ड झालेला आणि 1799 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत पुढाकार घेणारा शास्त्रज्ञ. उघड्या आगीतली जवळजवळ सारी उष्णता धुराड्यातून वाया जाते, हे त्याने पोटतिडकीने मांडले. धुराड्यातल्या पंख्याचा तर त्याला रागच होता. एवढीशी सळई फिरवण्यासाठी एवढी आग! त्याने लोखंडी नळकांड्याची बंद भट्टी बनवली आणि शेवटी गरम हवेचा झोत आत सोडून मांसाला रंग आणायची सोय केली. त्याचा दुसरा एक अनुभव आज घरी कोंबडी भाजणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. बटाटे सुकवण्याच्या यंत्रात मांस शिजते का पाहावे म्हणून त्याने मेंढीच्या खांद्याचा तुकडा आत ठेवला. तीन तासांनी काहीच झालेले दिसेना, म्हणून नाद सोडून रात्रभर ते तसेच राहू दिले. सकाळी मांस उत्तम शिजलेले होते, मऊ आणि रसदार. मंद आच आणि लांब वेळ यांचे महत्त्व त्याने तेव्हा हेरले.

रम्फर्डची भट्टी म्हणजे लोखंडातली पोपटीच. आग भोवती आली आणि फिरवण्याची गरज संपली. विसाव्या शतकापर्यंत इंग्रजी घरांत उघडी चूल जाऊन कोळशाची, मग गॅसची भट्टी आली. भट्टीतले ते ‘बेक’ केलेले, आगीसमोरचे तेच खरे ‘रोस्ट’, असा आग्रह धरणारे जुने लोक कुरकुरत राहिले आणि हळूहळू गप्प झाले. आज रोस्ट म्हणून जे पानात येते ते बहुतेक सारे बेक केलेलेच असते. सळई घरातून गेली ती अशी.

ती परत आली दुकानात, आणि या परतीचा सर्वांत ठळक टप्पा पेरूमध्ये आहे. रॉजर शुलर हा स्विस माणूस लिमाच्या पूर्वेला सांता क्लारा इथे कोंबड्या पाळत होता. धंद्यात अडचण आली, कोंबड्या अंगावर पडल्या. त्यांचे करायचे काय, म्हणून 1950 साली त्याने मळ्यावरच ‘ला ग्रान्हा आसुल’, म्हणजे ‘निळा मळा’, हे खानावळवजा ठिकाण सुरू केले. ठरावीक पैशांत हवी तेवढी भाजलेली कोंबडी. सुरुवातीला तिला मीठ सोडून काही लावत नसत. गर्दी वाढली तशी हाताने सळई फिरवणे अशक्य झाले, आणि शुलरने फ्रान्झ उलरिच या दुसऱ्या स्विस कारागिराला गाठले. त्याने केलेल्या यंत्रात एका मोठ्या चक्रावर अनेक सळया बसवल्या होत्या. चक्र फिरे आणि त्यावरची प्रत्येक सळई स्वतःभोवतीही फिरे, ग्रहमालेसारखी. प्रत्येक कोंबडी आळीपाळीने धगीजवळ येई आणि दूर जाई.

‘पोयो आ ला ब्रासा’, निखाऱ्यावरची कोंबडी, आधी मोटारीतून येणाऱ्या पैसेवाल्यांची चैन होती. पुढच्या दोन-तीन दशकांत ती लिमाच्या गल्लोगल्ली पोचली. वाटेत मिठाला साथीदार मिळाले: जिरे, लसूण, अँडीजमधली तांबडी मिरची, हुआकाताय हा तिथला सुगंधी पाला, आणि चिनी मजुरांच्या वंशजांनी रुजवलेला सोया सॉस. शेजारी तळलेल्या बटाट्यांचा ढीग. 2004 साली पेरूच्या शासनाने या पदार्थाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि आता जुलैचा तिसरा रविवार त्याच्या नावाने साजरा होतो. एका युरोपीय माणसाच्या अंगावर पडलेल्या कोंबड्यांतून अर्ध्या शतकात राष्ट्रीय पदार्थ झाला. परंपरा म्हणजे काही शतके जुनेच असले पाहिजे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

अमेरिकेत 1985 साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन इथे ‘बोस्टन चिकन’ हे दुकान निघाले, 1993 साली त्याचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला आणि 1998 साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तोवर सुपरमार्केटांनी मर्म ओळखले होते. कॉस्टको या साखळीत आख्खी भाजलेली कोंबडी अनेक वर्षे 4.99 डॉलरला मिळते, अनेकदा शेजारच्या दुकानातल्या कच्च्या कोंबडीपेक्षा स्वस्त. अशा वर्षाला दहा कोटींहून अधिक कोंबड्या ती विकते. नफा कोंबडीवर नाही, ती आणायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या बाकीच्या खरेदीवर असतो.

ही किंमत वीज आली म्हणून उतरलेली नाही. ती कोंबडी बदलल्यामुळे उतरली. 1940च्या दशकात अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाने राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. 1948 साली कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेसच्या संकराने बाजी मारली आणि भरदार छातीचा ब्रॉयलर घडू लागला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 सालच्या वाणांची पिल्ले एकाच खाद्यावर वाढवून पाहिली. 56व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे 905, 1808 आणि 4202 ग्रॅम भरली. भारतात हेच पर्व डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली स्थापन केलेल्या आणि पुढे पुण्यातून चाललेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजने आणले. आपल्या कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरचे मूळ तिथे आहे.

आणि हात? ते सळईवरून निघाले ते कत्तलखान्याच्या पट्ट्यावर गेले. 2016 साली ऑक्सफॅम अमेरिका या संस्थेने तिथल्या कोंबडी कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलाखतींवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला. पट्टा थांबवता येत नाही म्हणून लघवीला जाऊ दिले जात नाही, काहीजण त्यासाठी डायपर बांधून कामावर उभे राहतात, असे त्यात नोंदले आहे. 1526च्या नियमांत उघड्या पोरांसाठी निदान कपड्यांचे पैसे तरी लावून दिले होते.

दुकानातली ती चव घरी आणण्याची खटपट त्यामुळे थोडी गमतीची आहे. घरातून गेलेली वस्तू बाजारात मोठी झाली आणि आता घर तिची नक्कल करते. 1998 साली रॉन पोपील या विक्रेत्याने टीव्हीवर फिरत्या सळईची छोटी विजेची भट्टी विकायला काढली. एकदा लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची त्याची हाळी प्रेक्षक त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणत. पाचशे वर्षे कोणाला ना कोणाला जागेवर खिळवून ठेवणाऱ्या कामाबद्दल ‘विसरून जा’ म्हणता येणे, हेच त्या हाळीतले खरे आमिष.

आपल्या ओटीजीतली सळई त्याच भट्टीची बहीण. ती खोक्यात राहते याचे एक कारण मोटार नाही, कातडी आहे. महाराष्ट्रातल्या शहरी चिकनच्या दुकानात कोंबडी न सांगता सोलून मिळते, आणि रश्शाला ती तशीच बरी. सळईवर मात्र सारा खेळ कातडीखालच्या चरबीचा आहे. कातडी नसलेली कोंबडी फिरून फिरून वाळते. म्हणूनच आपल्याकडे तिला चिरा देऊन दही-मसाल्याचा जाड लेप चढवतात. तो लेप म्हणजे काढून टाकलेल्या कातडीची भरपाई आहे. गावाकडे गावरान कोंबडी पिसे काढून जाळावर भाजून, हळद लावून कातडीसकट घेतात, पण ती कोंबडी चिवट, तिला रस्साच हवा. तेव्हा दुकानदाराला आधीच सांगावे: किलो-सव्वा किलोची, आख्खी, कातडीसकट. किलोला दोन-तीन चमचे मीठ आतून-बाहेरून चोळून ती रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवावी, म्हणजे कातडी सुकते आणि मग कुरकुरीत होते. सकाळी पंख आणि तंगड्या सुती दोऱ्याने अंगाशी गच्च बांधाव्यात. सळई आरपार घालून काटे घट्ट केले की दोन्ही टोके तळहातांवर ठेवून पाहावे. एक बाजू जड होऊन आपोआप खाली वळत असेल तर सळई काढून पुन्हा घालावी, नाहीतर प्रत्येक फेरीला मोटार अडखळते आणि धग एकाच बाजूला लागते. 180 अंशांवर तास-सव्वा तास पुरतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकता, 74 अंश भरले पाहिजेत. सळई नसेल किंवा मोटार बिघडली असेल तर रम्फर्डचा मार्ग आहे: कांद्याच्या जाड चकत्यांवर कोंबडी ठेवून 150 अंशांवर अडीच-तीन तास, मध्ये दोनदा कूस बदलून. फिरवणारा हात मग आपलाच, पण दोनदाच. खालच्या ट्रेमध्ये उकडून अर्धे केलेले बटाटे पसरून ठेवायला विसरू नये. ठिबकणारी चरबी त्यांच्यात मुरते, आणि घरातले न खाणारे सोडले तर बाकीच्यांत भांडण होते ते त्या बटाट्यांवरून.